चूल कशावर पेटते?

१९८२ च्या जूनमध्ये मी कराडहून मुंबईला आले ती समाजकार्य शिकायला. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला होता. वडिलांची कल्पना अशी की मुलगी एखाद्या इस्पितळात लागेल, नाहीतर कारखान्यात लेबर ऑफिसर होईल. मी विषय घेतला ‘क्रिमिनॉलॉजी अँड करेक्शनल ॲडमिनिस्ट्रेशन’. वर्गात त्याला नुसतं सीसीए म्हणत. घरी कळवलं तेव्हा उलट टपाली वडिलांचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती : ‘म्हणजे तुरुंगात?’

हो, तुरुंगातच. पुढची पस्तीस वर्षं तुरुंग, कोर्ट, निरीक्षणगृह यांच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात गेली. आधी परिविक्षा अधिकारी म्हणून, मग विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याची मार्गदर्शक म्हणून. या सगळ्या काळात एक प्रश्न मला हजार वेळा विचारला गेला : पोलीस आहेत, वकील आहेत, न्यायाधीश आहेत, मग मध्ये तुम्ही कशाला? या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे, म्हणून तो सांगते.

सुरुवात डोंगरीपासून करावी लागते. टिळक आणि आगरकर १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. त्याच उमरखाडीच्या तुरुंगाचं पुढे मुलांचं रिमांड होम झालं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात तिथे न्यायची. ज्या भिंती मोठ्या माणसांना कोंडण्यासाठी बांधल्या त्यांच्याआड लहान मुलं ठेवायची वेळ आली की काय काय बदलावं लागतं, ते उभ्या उभ्या कळतं. भिंत तीच राहते. आतल्या माणसांचं काम बदलावं लागतं.

मुलांना मोठ्या गुन्हेगारांपासून वेगळं काढण्याचा विचार मुंबईत तसा जुना. १८५० च्या अप्रेंटिस कायद्याने अशा मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून लावून देण्याची सोय केली होती. १८५७ च्या सुमारास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारशाळा उभी राहिली. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच. सुतारकाम, शिवणकाम शिकवा, पोरगं मार्गाला लागेल, एवढाच तिच्यामागचा विचार होता. मुलाच्या घरी कोण आहे, तो पळाला का, परत गेला तर त्याला कोण घेईल, हे विचारणारा माणूस त्या रचनेत नव्हता.

तो माणूस कायद्याने मागितला १९२४ साली. मुंबई बालक कायदा आला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. आता मुलाला समोर उभं करून कोर्ट विचारू लागलं : याच्या घरी जाऊन कोण आलं? तिथे काय दिसलं? गरज निर्माण झाली, पण जाणारा माणूस तयार कुठे होता? भल्या घरच्या बाया, मिशनरी, निवृत्त मास्तर अशा मंडळींनी ते काम केलं. मनापासून केलं. तरी मनापासून करणं आणि शिकून करणं यात फरक असतो. तो कसा, ते पुढे सांगते.

शिकवण्याची सोय झाली १९३६ साली, नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाडा नेबरहुड हाउस चालवलं होतं. तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. देशातली ही पहिली समाजकार्याची शाळा. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ मध्ये ती देवनारला आली. मला नेहमी वाटतं, जागेची ती पहिली निवड फार शहाणपणाची होती. वर्गातून बाहेर पडलं की गल्ली सुरू. कामाठीपुरा हाकेच्या अंतरावर, भायखळ्याचं जेल पलीकडे, डोंगरी चालत जाण्याजोगी. देवनारला झाडं होती, वाचनालय होतं, शांतता होती. गल्ली मात्र बसने गाठावी लागायची.

मग कायदे येत गेले. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये परिविक्षेचा कायदा केला, केंद्राने १९५८ मध्ये. त्याचा सारांश असा की अपराध सिद्ध झाला तरी माणसाला तुरुंगात न धाडता, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी ठेवता येतं. एकवीस वर्षांखालच्या अपराध्याला तुरुंगात पाठवण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कोर्टाने मागवायचाच, असं कलम ६ सांगतं. एका कागदावर एखाद्या पोराची दोन-तीन वर्षं ठरतात, इतका तो कागद मोलाचा.

तुरुंगाच्या बाजूने प्रशिक्षणाचा विचार झाला तो संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेले अमेरिकन तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस आले तेव्हा. भारतातल्या तुरुंग प्रशासनावरचा त्यांचा अहवाल १९५२ चा. तुरुंगाची नियमावली जुनाट झाली आहे, अधिकारी शिकवून तयार केले पाहिजेत, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. १९५७ मध्ये अखिल भारतीय जेल मॅन्युअल समिती नेमली गेली ती त्याच वाटेवर. या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्या काळातलं बहुतेक शिक्षण किल्ल्या हातात असलेल्यांसाठी होतं. समाजकार्य शिकलेला माणूस दरवाजाबाहेर परवानगीचं पत्र घेऊन उभाच होता.

इथे औंधची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. जन्मठेपेचे कैदी बिनभिंतीच्या शेतावर, पुढे बायकामुलांसह. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. आम्ही सांगली-साताऱ्याकडचे लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतो. मी मात्र विद्यार्थ्यांना एवढंच म्हणायची : विश्वास ठेवणारा राजा भेटेल की नाही, हे नशिबावर असतं. अहवाल नीट लिहिणं तुमच्या हातात आहे.

आमच्या पहिल्याच वर्षात मुंबईत एक मोठी गोष्ट घडली. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने खरंखोटं करायला कुणाला पाठवावं? निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना. कारागृहात जा, या स्त्रियांशी बोला, बोलताना दुसरं कुणीही हजर नसावं, आणि अहवाल द्या. आमच्या एका बाईंनी तो आदेश वर्गात वाचून दाखवला आणि ‘दुसरं कुणीही हजर नसावं’ हे शब्द पुन्हा वाचले. त्या अहवालातून कळलं की तिथे कायदेशीर मदतीची धड सोयच नव्हती, आणि दोन परदेशी बायकांना तर एका वकिलाने फीच्या नावाखाली त्यांच्या चीजवस्तू घेऊन लुबाडलं होतं. फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल लागला. स्त्री संशयितांसाठी स्वतंत्र कोठड्या, तिथे पहारा महिला पोलिसांचा, अटक झालेल्याला मॅजिस्ट्रेटने मारहाणीबद्दल स्वतः विचारायचं, असे आदेश निघाले. समाजकार्य शिकवणारी एक बाई एकटी जाऊन ऐकते आणि देशाचा कायदा हलतो, हे आम्ही विशीत पाहिलं.

वर्गात दुसरं एक प्रकरण शिकवलं गेलं ते मोतीरामचं, १९७८ चं. मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. हे ऐकताना आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला. प्रत्यक्ष कोर्टात गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी जामीन मिळूनही आतच असलेली माणसं भेटली.

आता माझ्या पहिल्या अहवालाबद्दल. क्षेत्रकार्यासाठी मला एका मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या परिविक्षा अधिकाऱ्यांबरोबर नेमलं होतं. एकोणीस वर्षांचा मुलगा, गोदामातून तांब्याची तार चोरल्याचा गुन्हा, गुन्हा कबूल, चार महिने आत. अहवाल हवा होता. मी त्याच्या घरी जाऊन आले आणि पान भरून लिहिलं. ‘घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची. आई कष्टाळू. मुलगा वाईट संगतीमुळे बिघडला. त्याला सुधारण्याची संधी द्यावी.’

माझ्या सुपरवायझर बाईंनी पान वाचलं. लाल पेनाने चार शब्दांखाली रेघा मारल्या.

“हलाखीची म्हणजे किती?”

मी गप्प.

“भाडं किती? कोण भरतं? शेवटचं कधी भरलं? चूल कशावर पेटते?”

मी म्हटलं, “बाई, चूल मी बघितली नाही.”

“मग तू घरी गेलीच नाहीस. परत जा.”

परत गेले. आठ बाय दहाची खोली. आईने मला गोणपाटावर बसवलं आणि चहा टाकला. तेव्हा मी शेगडी पाहिली. भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढायची, आणि खालून काडी लावायची. तास-दीड तास जळते. मी विचारलं, “मावशी, भुसा कुठून आणता?”

“वखारीतून. पैसे घेत नाहीत ते. पोरगा होता ना तिथं कामाला.”

पहिल्या खेपेला हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी वखारीत गेले. मालक करवतीच्या आवाजात ओरडूनच बोलत होते. पोरगं दोन वर्षं कामाला होतं. मशीनवर बोट कापलं, तेव्हा त्यांनीच घरी बसायला सांगितलं. बसलेल्या दिवसांचा पगार दिला नाही. मग पोरगं फिरकलं नाही आणि त्याच दोन महिन्यांत गोदामाचं प्रकरण झालं. “परत घ्याल का?” म्हटल्यावर थोडा वेळ त्यांनी फळ्यांकडे पाहिलं. “मशीनवर नाही. माल उचलायला या म्हणावं. सकाळी आठला.” मी विचारलं, हे कोर्टात लिहून द्याल का? त्यांनी वखारीच्या बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं.

मग दुसरा अहवाल लिहिला. त्यात विशेषण एकही नव्हतं. भाडं, तीन महिन्यांची थकबाकी, आईची दोन घरची धुणीभांडी आणि त्याचे पैसे, बोट कापल्याची तारीख, इस्पितळाचा कागद, वखारीचा पत्ता, मालकाची चिठ्ठी. संगतीचा उल्लेख होता तो दोन मुलांच्या नावांसह आणि ती मुलं आता कुठे आहेत यासह. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तो शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला : “वखार किती वाजता उघडते?” मी म्हटलं, आठ. मुलगा एका वर्षाच्या देखरेखीवर सुटला.

मनापासून करणं आणि शिकून करणं यातला फरक हा. पहिल्या अहवालातही माझी तळमळ खरीच होती, पण तिच्यावर कोर्ट काही करू शकत नव्हतं. दुसऱ्या अहवालाने कोर्टाच्या हाती आठ वाजताची वेळ दिली.

जेलमधली शिस्तही अशीच शिकावी लागली. दरवाजावर वहीत नाव, पिशवीची झडती, आत चिठ्ठी न्यायची नाही, बाहेर चिठ्ठी आणायची नाही. कुणी कितीही रडलं तरी. एकदा चिठ्ठी नेली की तुमच्यामागून येणाऱ्या सगळ्यांचा रस्ता बंद. ‘उद्या सोडवते’ असं तोंडातून काढायचं नाही. आणि बंदीला ‘तू केलंस का?’ हे पहिल्यांदा विचारायचं नाही. पहिला प्रश्न : ‘घरी कळलंय का?’ कितीतरी जणांच्या घरी कळलेलं नसतं. बिहार, उत्तर प्रदेशातून किंवा आपल्याच मराठवाड्यातून आलेला पोरगा महिनोन् महिने आत असतो आणि गावाकडे आई समजत असते, मुंबईत कामावर आहे. कलम, तारीख, कोर्ट क्रमांक, वकीलपत्र, रेशनकार्ड या पाच गोष्टी पहिल्या भेटीत लिहून घ्यायच्या. जामिनाचं घोडं बहुतेक वेळा पाचव्यावर अडतं.

१९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस आयुक्तालयातच समाजसेविका बसू लागली. मार खाऊन आलेल्या बाईला ‘घरचं भांडण आहे, मिटवून घ्या’ म्हणून परत पाठवणाऱ्या यंत्रणेच्या आत तिचं टेबल लागलं. पुढे राज्य शासनाने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. १९९० मध्ये याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प उभा राहिला, मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात, म्हणजे आर्थर रोडला. कच्च्या कैद्यांना वकील मिळवून देणं, घरच्यांशी गाठ घालणं, सुटल्यावर काम शोधणं. तिथे शिकलेल्या मुलामुलींना मी नंतर जिल्ह्यांतून पाहिलं आहे. त्यांना दरवाजावरच्या हवालदाराशी कसं बोलावं हे ठाऊक असतं, आणि तेवढ्यानेही अर्धं काम होतं.

मुलांच्या न्यायात तर आम्ही चक्क बाकावर चढलो. १९८६ च्या कायद्यात बालन्यायालयाला साहाय्य करायला दोन मानद समाजसेवक होते, बाजूच्या खुर्चीवर. २००० च्या कायद्याने बाल न्याय मंडळ केलं : एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक, त्यांतली एक तरी स्त्री. २०१५ च्या कायद्यातही ती रचना राहिली. बाजूच्या खुर्चीवरून बाकावर यायला चौदा वर्षं लागली.

मोठ्यांच्या तुरुंगात मात्र आमची जागा अजून पक्की नाही, आणि याचा मला राग आहे. मी नोकरीत असताना माझ्याकडे एका वेळी तीन जिल्हे होते. परिविक्षेखालच्या माणसांना भेटायचे दिवस सर्वेक्षणांत आणि अनुदानाच्या फायलींत जायचे. एका कारागृहाच्या दारात वरच्या कार्यालयाचं परवानगीपत्र हातात असून मी चार दिवस उभी होते. साहेब बैठकीत, साहेब दौऱ्यावर, साहेब जेवायला. पाचव्या दिवशी आत गेले तेव्हा ज्या बाईला भेटायचं होतं तिची तारीख होऊन गेली होती. चूक कुणा एका माणसाची नव्हती. दरवाजावरच्या वहीत माझ्यासाठी रकानाच नव्हता. नातेवाईक, वकील, अधिकारी असे तीन रकाने. मी कुठे लिहू?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायबंदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही अशी. दर चारांमागे तीन. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मंजूर होऊनही माणूस सुटत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाने त्याच्या आर्थिक परिस्थितीचा अहवाल तयार करवून घ्यावा. तो परिविक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवक तयार करील. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली : जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत. आदेश आहे, पैसा आहे. आणि पुन्हा तोच प्रश्न, १९२४ चा : घरी जाऊन येणार कोण?

आपल्या राज्यात समाजकार्याची महाविद्यालयं कमी नाहीत. मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन सुरू झालं, पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था, आणि नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत कितीतरी निघाली. तिथल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या जूनपासून तुमच्या जिल्हा कारागृहात दोन विद्यार्थी नेमा. आठवड्यातून दोन दिवस, वर्षभर. अर्ज अधीक्षकांच्या नावाने करायचा, प्रत विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. पहिल्या भेटीला स्वतः बरोबर जा. मुलांच्या हातात वही द्या आणि जामीन मंजूर होऊनही आत असलेल्या बंद्यांची यादी मागायला सांगा. ती यादी प्रत्येक कारागृहात असते. मग त्यांतल्या एकाच्या घरी पाठवा, आणि मुलं परत आली की अहवाल वाचायच्या आधी विचारा, चूल कशावर पेटते.